रॅम्पवरचा मोर
ओल्या गेरूचा वास आला की आटपाडीकडचं दिव्यांगांचं शिबिर आठवतं. आमच्या समाजकल्याण खात्याच्या आयुक्त बाई येणार म्हणून मी हौसेनं रांगोळीचा मोर काढला, तोही नेमका चाकाच्या खुर्चीसाठीच्या रॅम्पवर. खाली एक म्हातारी नवऱ्याची खुर्ची धरून थांबलेली, आत दाखला देणारे डॉक्टर निघायच्या घाईत. "आजी, चढवा की वर!" मी खेकसलो. "आवं सायेब, रांगोळीवरनं चाक कसं घालू?" मागं वळलो, तर आयुक्त बाईच उभ्या. "मोर कुणी काढला?" "मी." "छान आहे. आता खुर्ची तुम्हीच ढकला." मोरावरून ढकलली. शेवटचा दाखला त्या म्हाताऱ्याला मिळाला. उभ्या नोकरीत माझ्या हातनं समाजाचं कल्याण झालं म्हणाल, तर तेवढंच.