गणितज्ञ नाना आणि चंदनी हार

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा हातात पुस्तकांचं पार्सल होतं आणि डोक्यात हवा. जगातल्या थोर विचारवंतांवर, शास्त्रज्ञांवर नि लेखकांवर मी एक पुस्तक लिहिलं आहे. साताऱ्यात ते फारसं कुणी वाचलं नाही. पण शिरपूरजवळच्या एका गावाने मला वाचनालयाच्या कार्यक्रमाला बोलावलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते खोटं नाही.

शिरपूरच्या गाडीत शेजारच्या बाईंनी माझ्या पार्सलवर वांग्यांची पिशवी ठेवली. तापीचा पूल येईपर्यंत जगातली सगळी बुद्धी वांग्यांखाली होती.

"काय शे त्यामा?" (काय आहे त्यात?) बाईंनी विचारलं.

"पुस्तकं."

"मंग काही फुटनार नही," त्या निश्चिंतपणे म्हणाल्या.

गावात वाचनालयाच्या चिटणीसांच्या घरी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि भरीत होतं. तीन भाकरी खाऊन मी वाचनालयात गेलो. माझा विषय होता 'विवेकाचा विजय'.

भिंतीवर पाच थोरांची चित्रं होती. चार गावच्या पेंटरने पुस्तकांतून पाहून काढलेली. पाचवे प्राचीन गणितज्ञ. त्यांचा चेहरा कुणीच पाहिलेला नाही.

"मग मी कपाळ शोधलं, सर," पेंटर म्हणाला. "आमच्या समोरच नाना राहतात, सूतगिरणीतून निवृत्त झालेले. असं कपाळ गावात दुसरं नाही."

मी चौघांना चंदनी हार घातले. पाचवा उचलला, तोच एक म्हातारी चित्रापुढे येऊन उभी राहिली. त्या नानांच्या पत्नी, अक्का.

"भाऊ, हाऊ मना मालक शे. जित्ता शे! त्याना फोटोले हार घालू देनार नही." (हा माझा नवरा आहे, जिवंत आहे.)

"तुम्हीच समजवा सर, तुमचा विषयच तो आहे," चिटणीस कुजबुजले.

मी समजावलं. हार आणि मरण यांचा काही संबंध नाही, कार्यकारणभाव असा असतो, वगैरे. अक्कांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग तुमना फोटोले घाला," त्या म्हणाल्या.

लोक हसले. "माझा फोटो नाही ना इथे," मी म्हणालो, आणि तो नाही याचं मला बरं वाटलं. तेवढ्यात मागून नाना उठले. कपाळ खरंच मोठं होतं.

"मी तं शायमा गनितमा नापास व्हयेल शे, भाऊ," ते हात जोडून म्हणाले. (शाळेत गणितात नापास झालेला.)

अक्का अजून चित्रापुढून हलल्या नव्हत्या. मला स्वतःची लाज वाटली. मी चित्राकडे पाठ केली आणि हार नानांच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. दोन शब्द बोला म्हटल्यावर नाना म्हणाले, "बठ्ठा चहा पीसन जा." (सगळे चहा पिऊन जा.) त्या दिवशीचं सर्वांत चांगलं भाषण तेच झालं. नंतर विवेकावर मी तासभर बोललो, अक्कांची नजर चुकवून.

सकाळी निघताना पेंटरने एक चौकट हातात दिली. पुस्तकाच्या मागचा फोटो पाहून त्याने माझं चित्र काढलं होतं. "काल फोटो नाही म्हणालात ना, सर!" सोबत नानांचा हारही होता, तो घरात ठेवायला अक्का तयार नव्हत्या. मी मनातल्या मनात हसलो आणि दोन्ही वस्तू पिशवीत टाकल्या.

साताऱ्याला पोहोचलो. बायकोने चित्र दिवाणखान्यात लावलं, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि पिशवीतून हार काढला. "छान शोभेल," म्हणत ती स्टुलावर चढली.

मी चहाचा कप टाकून धावलो. थोरामोठ्यांचे इतके विचार मला पाठ, पण त्यांतला एकही वेळेवर आठवला नाही. तोंडातून अहिराणीच बाहेर पडली.

"थांब, मी जित्ता शे!"