बुटांची राखण

"शी इज अवर मेड. मॉम सेंट हर."

सानिका हे म्हणाली तेव्हा माझ्या उलथन्यावर थालीपीठ होतं. शनिवारची दुपार. परदेशातल्या लिमरिक शहरातलं भाड्याचं घर. टेबलाभोवती तिच्या कॉलेजची पाच-सहा मुलंमुली. एका लाल केसांच्या मुलानं माझ्याकडे मान उडवून विचारलं, ही कोण. तिनं फोनमधून डोकं न काढता सांगितलं. कोणीतरी काहीतरी बोललं. सगळे हसले.

मला इंग्रजी येत नाही, शब्द कानात राहतात तेवढे. चौथीपर्यंतची शाळा. पण मेड कळतं. पुण्यात सोसायटीच्या लिफ्टमध्ये तो शब्द चिकटवलेला असतो. मेडनं ही लिफ्ट वापरू नये.

मी सानिकाच्या थोरल्या चुलत्याची बायको. ती मला मोठीआई म्हणते. लहानपणी तिला न्हाऊमाखू मी घातलं.

आणि ते थालीपीठ मी तिच्याच ताटात वाढलं. हे मला अजून जाळतं. ऐकलं, समजलं, आणि वाढलं.

तेवढ्यात केशिया आली. ती त्या घरातली दुसरी भाडेकरू. त्रिनिदादची. समुद्रातलं बेट आहे म्हणे, फार लांब. मोठं माणूस बसलेल्या खोलीत शिरताना नमस्कार केला नाही तर तिची आई थोबाडीत द्यायची. तिनंच सांगितलं होतं, हातानं मारून दाखवत. म्हणून ती दारातच म्हणाली, "गुड आफ्टरनून, आंटी." आधी मला. मग बाकीच्यांना. मग ते काय हसतायत ते कोणीतरी तिला सांगितलं.

ती सानिकाकडे बघून म्हणाली, "बट यू टोल्ड मी शी इज युअर आंट."

कोणी हसलं नाही. सानिकाचे कान लाल झाले. मला म्हणाली, मराठीत, गोड आवाजात, "मोठीआई, तू जरा वर जा ना."

मी गेले.

माझी खोली म्हणजे जिन्यावरची चिंचोळी जागा. शेजारी गरम पाण्याच्या टाकीचं कपाट. तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. त्या उबेत धुतलेले कपडे वाळत घालतात. तिथं सानिकाचे मोजे जोडीनं लावत बसले. खालून हसू पुन्हा सुरू झालं.

मी तिथे का होते ते सांगते. २०२० च्या सुरुवातीला जाऊबाईंचं, म्हणजे सानिकाच्या आईचं, गुडघ्याचं ऑपरेशन होतं. दीर इंजिनियर, त्याच देशात नावन गावी घर. "ताई, तीन महिने या." माझा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मला कोण विचारणार. आले. लगेच लॉकडाऊन लागला. विमानं बंद. तिथल्या सरकारनं पाहुण्यांचे व्हिसा वाढवले. मग विमानं सुरू झाली तरी "अजून थोडे दिवस, ताई". पासपोर्ट त्यांच्या कपाटात. "हरवाल तुम्ही." मानानं मी थोरली. तरी मीही त्यांना अहो म्हणते, कारण त्या शिकलेल्या.

२०२१ च्या सप्टेंबरात कॉलेजं खरोखरीची उघडली. सानिका दीड वर्ष घरात कोंडलेली. तिच्या घरात नियम फार. सातच्या आत घरात. मुलांशी बोलणं अभ्यासापुरतं. उपास, स्तोत्र, शनिवारचं तेल. तिला एकटीला लिमरिकला कसं सोडायचं? मग मला पाठवलं. स्वयंपाकाला, असं मला सांगितलं. राखणीला, हे तिथं गेल्यावर कळलं.

रोज संध्याकाळी जाऊबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. मी कशी आहे हे त्या विचारत नसत. "ताई, दाराजवळचे बूट दाखवा."

आपल्या घरात बूट दारातच निघतात. तिथल्या मुलांनाही सानिकानं ती सवय लावली होती. म्हणून बूट बघितले की घरात कोण आहे ते कळतं. मी फोन खाली वळवायची. मोठ्या मापाचे बूट असले की सानिका आधीच येऊन सांगायची, "मोठीआई, ते उचल ना, प्लीज. आईला कळलं तर मला परत नेईल." मी उचलायची. चिखलाचे बूट पदराआड धरून वर न्यायची. आईची पहारेकरीण, लेकीची हमाल. एकाच हातानं दोन्ही.

केशियाच्या आईचाही रोज फोन. तीही कडक. रविवारी केशिया पांढरा झगा घालून प्रार्थनेला जायची. शनिवारी नाचायला जायची. आईनं विचारलं की खरं सांगायची. आई तिकडून ओरडायची. ही फोन कानापासून लांब धरायची, ओरडणं संपलं की "आय लव्ह यू, मम्मी" म्हणायची, आणि बूट चढवून जायची. शिव्या स्वतः खायची. दुसऱ्याच्या पाठीवर देत नव्हती.

त्या शनिवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मुलं खालीच होती. जिना उतरले. दारात बुटांचा ढीग. सानिका स्वयंपाकघराच्या दारातून हात जोडत होती. मेडला हात जोडत होती.

मनात आलं, दाखव. एकेक जोडी उचलून दाखव. उद्या सकाळी बाप गाडी घेऊन येईल. नाचणं संपेल, कॉलेज संपेल. माझ्या एका मनगटात तिचं सगळं आयुष्य होतं. मला तेव्हा फार बरं वाटलं. खोटं का लिहू.

मी फोन वळवला नाही. माझ्या तोंडासमोर धरला.

"तुमची पोरगी मला मेड म्हणाली. लोकांसमोर."

जाऊबाई म्हणाल्या, "अहो ताई, मोठीआई म्हणजे काय ते त्या मुलांना कसं सांगणार? पटकन तोंडात आलं असेल. ते राहू द्या. बूट दाखवा आधी."

बूट दाखवा आधी.

पोरीला तो शब्द कुणी दिला ते मला तिथं कळलं. तिनं माझ्याबद्दल घरात जे ऐकलं तेच इंग्रजीत सांगितलं होतं.

"नाही दाखवत," मी म्हटलं. "आजही नाही, उद्याही नाही. माझा पासपोर्ट पाठवा. नाही आला तर इथल्या पोलिसांकडे, गार्डांकडे जाते. ही केशिया मला पोलीस स्टेशन दाखवेल."

"ताई, चौथी शिकलेल्या बाईनं असं बोलू नये."

"चौथीत एवढं येतं," मी म्हटलं, आणि फोन बंद केला.

सानिका रडत गळ्यात पडायला आली. "थँक्यू मोठीआई, तू सांगितलं नाहीस."

मी तिचे हात काढले. "तुझ्यासाठी नाही. तुला काय हवं ते तुझ्या आईला तू सांग. तुझ्या तोंडानं. माझ्या पदराआड आता काही मिळणार नाही."

दुसऱ्या दिवशी दीर पासपोर्ट घेऊन आले. गाडीतूनच काच खाली करून दिला. "वहिनी, घरची गोष्ट घरात राहू दे." मी पासपोर्ट घेतला. उत्तर दिलं नाही.

उत्तर राखून ठेवलंय.

मी आता भारतात परत आले आहे. ते तिघं दिवाळीला इकडे येतील. भाऊबंद जमतील. रीतीप्रमाणे दीर, जाऊ, सानिका सगळ्यांसमोर माझ्या पायाशी वाकतील, कारण लोक बघत असतात. मी पाय मागे घेईन. कोणीतरी विचारेल, काय झालं? मी सांगेन. लिमरिक, नावन, कपाटातला पासपोर्ट, सगळं. जो विचारेल त्याला. ज्यांच्यासमोर त्यांना फार लाज वाटेल त्यांना दोनदा.

मी लाजाळू आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या लाजेवर त्यांनी दोन वर्षं घर चालवलं. आता ती त्यांना मिळणार नाही. माफी मागितली तरी नाही.