तळ्याकाठचे दोन तास आणि मैलाचे दगड

घडलं ते असं:

१. शनिवारी पहाटे सव्वापाचला यवतमाळहून महिला मंडळाची बस निघाली. बायका एकोणीस, घरचा पुरुष एकही नाही.
२. चिखलदऱ्याच्या तळ्याकाठी विश्रामगृहावर पोचलो ते ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा.
३. रविवारी परत निघालो ते ठरल्यापेक्षा दोन तास आधी.
४. दोन्हींचं कारण मी.

मी बांधकाम कार्यालयात नकाशे उतरवते, म्हणून वेळापत्रक माझ्याकडे आलं. कुसुम, आमच्या गल्लीतली नवी सून, निघण्याआधी तीनदा येऊन गेली. सासूबाईंनी तिला पहिल्यांदाच एकटीला सोडलं होतं आणि अट एकच होती.

"ताई, रविवारी दिवे लागायच्या आत ना? नाईतर मले पुन्हा कुठं जाऊ देनार नाईत."

"सहाच्या आत," मी म्हटलं. "कागदावर आहे."

नेरला चहा घ्यावा, तिथून पुढे बरा मिळत नाही. अमरावतीपर्यंत रस्ता सपाट आणि गाणी मोठ्यांदा. परतवाड्याला संत्री घ्यावीत, पण घाटात खाऊ नयेत. आमच्यातल्या चौघींनी खाल्ली आणि खिडकीच्या जागा मिळवल्या. घाट सुरू होतो तिथे दगडावर वीसचा आकडा होता. मी घड्याळ पाहून जाहीर केलं, "वीस किलोमीटर. पाऊण तास."

ड्रायव्हर रहीमभाईंनी मागे न बघता विचारलं, "कोनतं किलोमीटर, ताई? हे जुने दगड व्हय. मैलाचे."

चूक सरळ होती. अमरावतीपर्यंतचं अंतर मी नव्या नकाशावरून घेतलं, पुढचं जुन्या. नवा किलोमीटरचा, जुना मैलाचा. दोन्ही आकड्यांची बेरीज बिनचूक होती.

माझ्या शेजारी सरकारी दवाखान्यातल्या नर्स शेवंताबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जाऊ दे पोरी. माह्या हातून औषधाचं असं झालं असतं, तर पेशंट वरच गेला असता. आपन बी वरच चाललो, पन बसनं."

सगळी बस हसली. कुसुम हसली नाही; तिने अजून हिशेब केला नव्हता, पण आकडे बदलले की आपल्यावर येतं एवढं तिला कळत असावं.

घाट सुंदर आहे. सागाची पानं पिवळी पडत होती, दरीत धुकं होतं आणि बसच्या इंजिनाला दोनदा पाणी पाजावं लागलं. तेवढ्यात उतरून पाहून घ्यावं. वर गवळ्यांकडचा खवा मिळतो. तो ताजा असतो आणि उरत नाही.

विश्रामगृहाच्या पायऱ्या थेट तळ्यात उतरतात. रविवारी सकाळी कुसुम शेवटच्या पायरीवर पाय पाण्यात सोडून बसली होती. नाववाला दहाला येणार होता. तिने आदल्या दिवशीच त्याला सांगून ठेवलं होतं, पहिल्या फेरीत मी.

मी तिच्या मागे उभी राहिले. रात्री मी नवं वेळापत्रक केलं होतं. ठरल्याप्रमाणे साडेअकराला निघालो, तर घरी पोचायला दीड तास उशीर. दहाला निघालो, तर जेमतेम. घाटात इंजिनाचा भरवसा नाही, म्हणून साडेनऊ. मी तिला एवढंच सांगितलं.

तिने मागे वळून पाहिलं.

"मंग मले सांगतलं काहून? न सांगती तं मी बसली असती नावेत. घरी बोलनी खाल्ली असती."

"पुन्हा सोडलं नसतं."

"ते बी खरं." तिने पाय बाहेर काढले आणि पदराने पुसले.

मी बाकीच्यांना सांगायला गेले. कुरकुर होईल असं धरलं होतं. शेवंताबाई खव्याचा द्रोण हातात घेऊनच बसमध्ये चढल्या. "चला वं. पोरीनं सासूले शब्द देल्ला हाये," त्या म्हणाल्या, आणि सतरा जणी मागोमाग चढल्या. नाववाला येताना घाटाच्या पहिल्या वळणावर दिसला. कुसुमने त्याला हात केला. त्याने थांबा अशी खूण केली.

यवतमाळला पावणेसहाला पोचलो. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी आकाशाकडे पाहिलं, मग कुसुमकडे. "टायमावर आली," म्हणाल्या आणि आत गेल्या.

घाट, धुकं, खवा हे सगळ्यांना मिळालं. कुसुमला तळं अर्धंच मिळालं, आणि ते माझ्या बेरजेमुळे. म्हणून पुढची सहल त्याच तळ्यावर, दोन मुक्कामांची. सगळी अंतरं किलोमीटरमध्ये काढली आहेत आणि रहीमभाईंकडून तपासून घेतली आहेत. घरी परतीची वेळ सांगू नये, वार सांगावा. कुसुमला सोडाल का, असं तिच्या सासूबाईंना मी स्वतः विचारलं. त्या "पाहू" म्हणाल्या.

ज्यांना यायचं आहे त्यांनी येत्या शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत मला कळवावे. कुसुमच्या सासूबाईंनीही.