सैल पडलेला ढोल

चामड्याचा वास आला, की परदेशातल्या आमच्या मरीन परेड वस्तीतला तो गणेशोत्सव आठवतो. तयारीच्या माझ्या यादीत सगळं होतं, पण दमट हवेने ऐनवेळी आमचा एकुलता एक ढोल सैल पडला. मुलगी पहिल्यांदाच मिरवणुकीत वाजवणार होती. ती रडवेली झाली. शेजारच्या हॉलमध्ये पश्चिम आफ्रिकेतला एक गट आपल्या पारंपरिक ढोलांवर रॅप बसवत होता. त्यांच्या वादकाने आमचा ढोल गुडघ्यांत धरून दोर आवळले. "आंटी, आमचेही पावसाळ्यात असेच रुसतात." मी मोदक पुढे केला. "आधी तिला वाजवू द्या," तो म्हणाला. तिने ठोका दिला आणि हॉलमधून त्यावर रॅप सुरू झाला. त्यांचा स्वतःचा कार्यक्रम तासाभरावर आला होता, हे मला त्या हॉलच्या दारावरचं पोस्टर वाचून नंतर कळलं. इतक्या वर्षांनीही त्या माणसाचे उपकार मी विसरलेले नाही.