आवडाबाईसाठी गरम पाण्याची टाकी

पुंजाराम मला कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकते. मुकुंदवाडीत त्याचं घर माझ्या घराला लागून. फायबरच्या टाक्या, कूलर, खुर्च्या दुरुस्त करण्यात गल्लीत त्याला तोड नाही, पण माणसांवर हात उचलण्यातही नाही. रिक्षावाल्याला मारलं, सख्ख्या भावाला मारलं. बायकोला, आवडाबाईला, मारायला लागला की मी भिंतीवर लाटणं आपटायचे. मागच्या उन्हाळ्यात तिचं कंबरडं मोडलं. जिन्यावरून पडली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं आणि तीही गप्प राहिली.

तेव्हापासून ती भिंत धरून चालायची. घाटी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, रोज गरम पाण्यात बुडून बसा, नाहीतर कंबर आखडेल आणि कायमच्या अंथरुणाला खिळाल. पुंजारामनं हे फारच मनावर घेतलं. भंगारातून फायबरची जुनी टाकी आणली, वरून कापली, अंगणात मांडली आणि पाणी तापवायला शेजारी बंब ठेवला.

टाकीच्या बुडाला लांबलचक तडा होता. फायबरचं काम करणाऱ्यांची रीत अशी की तडा नुसता झाकायचा नाही. आधी ग्राइंडरनं तो आणखी रुंद उकलायचा, कुजलेलं सगळं खरवडून काढायचं, मग काचेच्या धाग्यांची मॅट ठेवून वर रेझीन, म्हणजे सुकून दगडासारखा होणारा चिकट रस, चोपडायचं. उगाच वरून थिगळ मारलं तर पाणी भरताच ते सुटतं. दिवसभर ग्राइंडर किंचाळायचा आणि पांढरी भुकटी माझ्या पापडांवर येऊन बसायची. पोकळ जागा शोधायला तो हातोडीनं टाकी ठोकायचा. प्रत्येक ठोक्याला ओट्यावर बसलेली आवडाबाई दचकायची. मला ते बघवत नव्हतं.

एकदा समोरचा बद्रीनाथ हसून म्हणाला, "काय राव, बायकोला उकडायला ठिवतो काय?"

पुंजारामनं त्याच्या तोंडावर असा ठोसा हाणला की दात ओठात रुतला. बद्रीनाथ बनियनवर रक्त थुंकत खाली बसला. आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली. पुंजाराम धापा टाकत बायकोकडे वळला. "तुझ्यासाठी लोकांशी वैर घेऊन ऱ्हायलो. उद्या बसशील ना यात?"

"नाय बसायची," ती म्हणाली.

मग तो पिसाळलाच. शिव्या घालत त्यानं रेझीन कालवायचा प्लास्टिकचा मग ओढला. रेझीन लवकर सुकावं म्हणून त्यात आधी कोबाल्टचं औषध कालवायचं, नंतर ते घट्ट करणारं हार्डनर घालायचं, आणि ही दोन एकमेकांत थेट कधीच ओतायची नाहीत, हे या धंद्यात सगळ्यात आधी शिकवतात. रागाच्या भरात त्यानं दोन्ही बाटल्या त्या रिकाम्या मगात उपड्या केल्या. फाडकन आवाज झाला, जाळ उसळला आणि त्याची उजवी बाही पेटली.

तो बोंबलत अंगणभर फिरू लागला. आम्ही सगळे खांबासारखे उभे. आवडाबाईनं मात्र भिंत सोडली. लंगडत जाऊन बंबाजवळचं ओलं गोणपाट त्याच्या हातावर टाकलं, त्याला खाली बसवलं आणि तो हात बादलीतल्या पाण्यात दाबून धरला. कातडी सुटून लोंबत होती.

"वैनी, दवाखान्यात नेऊ," रक्ताळलेल्या तोंडानं बद्रीनाथ म्हणाला.

"थांबा भाऊजी." तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "तुम्हीच म्हनता ना, वरून थिगळ टिकत नाय, आधी तडा उकलावा लागतो? मंग उकला. मी जिन्यावरून पडले व्हय?"

"आवडे, हात लई जळतोय गं..."

"समदे हायेत इथं. सांगा."

तो हात ओढून घ्यायला बघत होता. तिनं हात तसाच दाबून धरला होता.

"नाय," तो म्हणाला. "म्या लाथ घातली. लाथ घालून ढकललं तिला."

तिनं हात सोडला. "न्या आता," ती बद्रीनाथला म्हणाली. मला तर असा संताप आला की तिथलीच हातोडी उचलून त्याच्या टाळक्यात घालावी. उचललीही होती. आवडाबाईनं ती माझ्या हातातून काढून घेतली आणि ओट्यावर ठेवली.

जखम सुकल्यावर त्यानं तो तडा सांधला. टाकीभोवती चारी बाजूंनी पत्रे ठोकले, कारण तिनं तसं सांगितलं. दाराला आतून कडी पाहिजे, हेही तिनंच सांगितलं.

आता रोज संध्याकाळी तो डाव्या हातानं बंबात लाकडं घालतो. ती आत जाते आणि कडी लावते. पाणी नीट तापलंय का, असं तो बाहेरून विचारतो. कधी ती उत्तर देते, कधी देत नाही, आणि तो दाराबाहेर तसाच उभा राहतो.