डोहावरची पाहणी

विमानतळावरून गाडी अमेरिकेतल्या हर्नडनच्या रस्त्याला लागली आणि सुलभामावशीने हुकूम सोडला, “शनिवारी तुलाही पोहायचंय.”

मावशी निवृत्त डॉक्टर. तासाभरावरच्या नदीच्या डोहात ती दर उन्हाळ्यात पोहते. गेल्या वर्षी तिथलंच पाणी पोटात जाऊन ती आठवडाभर हॉस्पिटलात होती. पोहणं काही सोडणार नाही, म्हणून तिने काउंटीच्या (जिल्ह्याच्या) मागे लकडा लावला होता: डोहाला पोहण्याची अधिकृत जागा म्हणा, म्हणजे पाणी नियमाने तपासावं लागेल. काउंटी म्हणे, तिथे पोहतंय कोण? ते बघायला शनिवारी एक बाई येणार होत्या, म्हणून मावशीने अख्खं मराठी मंडळ पोहायला बोलावलं होतं.

डोह खरंच सुरेख होता. काठावर उंच झाडं, तळाचे गोटे दिसतील इतकं नितळ पाणी. मंडळी वेळेवर आली, पण हातात कोथिंबीरवडीचे आणि इडल्यांचे ट्रे.

“काका, उतरायचं ना?” मी मंडळातल्या परांजपे काकांना विचारलं.

“अगं, आधी खाऊन घेऊ. वड्या थंड होतील यार.”

खाऊन झालं. मी पुन्हा विचारलं, तर काका म्हणाले, “आता कसं? भरल्या पोटी पाण्यात जाऊ नये. तासभर रिलॅक्स करू.” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यात डॉक्टरही होते! मला कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात काउंटीच्या बाई आल्या. पाण्यात एकटी मावशी. “अरे, एक जण तरी या ना!” ती ओरडत होती. मला राहवलं नाही. मी पंजाबी ड्रेससकट आत शिरले. बाईंना वाटलं, मी पाय घसरून पडले. त्या मदतीला धावल्या. मग परांजपे काकूंनी त्यांच्या हातात इडलीची प्लेट दिली आणि विषयच संपला.

माझ्या मुक्कामातच काउंटीचं उत्तर आलं. पोहणारे फारसे आढळले नाहीत, पाणी तपासण्याची गरज नाही. पिकनिकसाठी मात्र दोन टेबलं मंजूर. मंडळाच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. इतक्या प्रेमाने आलेल्या माणसांवर धड चिडताही येईना, आणि त्याचीच मला जास्त चीड आली.

निघायच्या दिवशी मावशी डोहावरूनच थेट मला विमानतळावर न्यायला आली. केस ओले होते.

“पाणी कसं होतं?”

“ते दोन दिवसांनी पोट सांगेल.”

पुण्यात पोचल्यावर बॅगा दारातच ठेवून मी आधी तिला फोन लावला.

“अजून तरी ठीक आहे,” ती म्हणाली. “उद्या परत पोहायला चाललेय.”