खिडकीतलं चाक आणि हरवलेले जवाई

कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीत आमची घरं इतकी एकसारखी होती, की ड्यूटीवरून आलेला माणूस आधी दारातल्या चपला ओळखायचा आणि मग आत शिरायचा. मी स्वतः एकदा परक्या घरात जेवून, तिथल्या पोराला अभ्यासावरून झापून आलो आहे. पोरगं पास झालं, त्यामुळे तक्रार कोणी केली नाही.

आमच्या जवायानं तेच केलं तेव्हा मात्र प्रकरण वाढलं. मुलगी पाहायला आला तो थेट मागच्या ओळीतल्या एका घरात. तिथल्या म्हातारीच्या पाया पडला, पोहे खाल्ले आणि लाजत म्हणाला, "मुलगी बोलवा ना." त्या घरात सगळे मुलगेच होते, तेही पैलवान. लग्न झालं तरी सासरचे लोक आमच्या मुलीला विचारायचे, "तुह्या माहेरचं घर जागेवरून सरकते का वं?"

पहिली दिवाळी आली. मुलगी चार दिवस आधीच आली होती, जवाई पाडव्याच्या संध्याकाळच्या बसनं यायचे होते. ती म्हणाली, "बाबा, आपल्या खिडकीत असं काहीतरी लावा का रस्त्यावरूनच दिसन. या खेपेले ते दुसऱ्याच्या घरात शिरले तं मी सासरी तोंड कसं दाखवू?"

मी वीज केंद्राच्या वर्कशॉपमधला फिटर. मला सांगायची देर. घरामागं एक मेलेली सायकल पडली होती. तिची रिम काढली, आरे उपटले. रिमवर जुन्या ट्यूबचे पट्टे गच्च गुंडाळले, म्हणजे लोखंडात करंट उतरायला नको. त्यावर रंगीत कागद लावलेले बारके बल्ब तारेनं बांधले. मागं बांबूची फुली आणि खिडकीच्या गजांत अडकवायला लोखंडी पट्टीचे दोन वाकवलेले आकडे. खर्च म्हणाल तर बल्बांचा तेवढा. आणि मजबूत किती? पहिल्याच दिवशी त्यावर वानर बसलं, झोके घेतले, कंटाळून निघून गेलं. चाक तसूभर हललं नाही. ते वानर नंतर आपल्या मंडळींना दाखवायला घेऊन आलं होतं, पण हे कोणी मानत नाही.

मुलगी खूश झाली. "मी त्याईले सांगून ठेवलं आहे, प्रकाशाचं चाक दिसन त्याच घरात शिरा म्हणून."

इथपर्यंत सगळं सरळ होतं. मग मी ते आकडे वर्कशॉपमध्ये दाखवले आणि चाक कसं केलं तेही सांगितलं.

आमच्या वर्कशॉपची रीत अशी, की एकानं घरासाठी काही बनवलं की त्याचा नमुना भिंतीला टांगायचा आणि बाकीच्यांनी त्यावरून कापायचं. एकाच्या घरी पाळणा झाला की महिन्याभरात सगळ्या ओळीत पाळणे, मग ज्यांच्या घरी बाळ नाही ते त्यात कांदे ठेवत. नमुना द्यायला नाही म्हणणं म्हणजे आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं. शिवाय माझी इतकी तारीफ झाली, की पंधराएक जणांचे आकडे मीच हौसेनं वाकवून दिले. खिडक्याही सगळ्यांच्या एका मापाच्या, त्यामुळे कुठंच अडलं नाही. हे सगळे ते चाक लावणार, हा विचार माझ्या मनात का आला नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

पाडव्याला ड्यूटी संपवून दिवेलागणीला ओळीत शिरलो आणि जागीच थांबलो. डावीकडं चाकं, उजवीकडं चाकं. सगळी वसाहत जणू गाडी जुंपून कुठंतरी निघाली होती. माझं घर कोणतं? चपला पाहाव्यात तर सणाच्या सगळ्यांच्याच नव्या. दोन दारांतून लोकांनी मला फराळाला ओढलं. तिसऱ्या दारात बायको उभी.

"कुठी होते? बस येऊन गेली. जवाई नाही आले!"

आत ओवाळणीचं ताट तयार. मुलगी रडवेली. तिनं उठून बटण धरलं आणि आमचं चाक उघडझाप करायला लागली, म्हणजे नवऱ्याला वेगळेपण दिसावं. समोरच्या घरानं ते पाहिलं. "अरे, हे भारी आहे गा!" असा आवाज आला आणि दोन मिनिटांत सगळी ओळ डोळे मिचकावायला लागली.

बायको म्हणाली, "हाका मारा ना!"

मी रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "ओ जवाईबापू!" तर पाच घरांतून पाच जवाई बाहेर आले. दिवाळसणाचे दिवस, प्रत्येकाकडं एक होताच. मी प्रत्येकाचं तोंड निरखून पाहिलं. एक तर मला आमचाच वाटला. मी त्याचा हात धरून निघालोही होतो, तेवढ्यात त्याच्या सासूनं दुसरा हात धरला. "हा आमचा आहे, भाऊ."

"बाबा, सोडा त्याईले!" आमची मुलगी पायऱ्या उतरून खाली आली. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. घेतलंच तर उखाण्यात, तेही लाजत. तिनं भर रस्त्यात नवऱ्याचं नाव घेतलं, आडनावासकट. इतक्या जोरानं, की कोळशाचा ट्रक थांबला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढली.

आमच्या शेजारच्याच घरातून जवाई आले. हातात अर्धी करंजी, कपाळाला कुंकू. तिथल्या काकूंनी त्यांना ओवाळलंसुद्धा होतं.

"चाक तं दिसलं होतं," ते गोंधळून म्हणाले. "मले वाटलं तू आत स्वयंपाकात असशीन. मांगच्या खेपेसारखं विचारू कसं?"

"काहून नाही विचारलं? आता घरी काय सांगाल?" ती रडत होती की हसत होती, मला त्या मिचमिचत्या उजेडात नीट दिसेना.

जवायानं ओळीकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, करंजी खिशात घातली.

"सांगीन का बायको मले शोधाले रस्त्यावर येऊन उभी होती," ते म्हणाले. "आता तरी सांग, आपलं घर कोणतं?"

तिनं बोट दाखवलं. माझ्या बायकोनं ते बोट धरून एक घर पलीकडं वळवलं.